आक्का, सतरंजी आणि माझा हलणारा पाय

लातुरात नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसतो. त्यामुळे आलेलं पाणी कुणाच्या दारातून वाहत रस्त्यावर गेलंय, असं तिथं सहसा दिसत नाही. त्या सकाळी आक्काच्या फाटकाखालून पाण्याची धार गल्लीत येताना दिसली, तेव्हाच समोरच्या महानंदाताई हातातलं काम टाकून धावल्या. मला नांदेडला त्यांचा फोन आला तो नंतर, डॉक्टर येऊन गेल्यावर. मी भाजीवाल्यापाशी उभा राहून मेथीची जुडी उलटीसुलटी करून बघत होतो. “भाऊ, आक्काच्या दारातून पाणी वाहून राहिलं होतं बघा...” एवढंच त्या म्हणाल्या. मला समजायला तेवढं पुरलं. आक्का पिंप भरता भरता अंगणातल्या पायरीवर टेकली होती, पाइप हातातच होता आणि डोकं भिंतीला लागलेलं होतं. मेथी तिथंच ठेवून मी घरी आलो, चप्पल न काढता आत गेलो आणि बायकोला, ज्योतीला, काय सांगायचं ते न सुचून तसाच फेऱ्या मारत राहिलो.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, कौसल्या. सरकारी दवाखान्यात नर्स होती. बरीच वर्षं रेणापूरकडं नोकरी केली आणि रिटायर झाल्यावर लातुरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहिली. दाजी लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. मी तिचा एकुलता एक भाऊ, नांदेडच्या एका शाळेत विज्ञान शिकवून आता घरी बसलेला. बसलेला म्हणायचं आपलं. मला बसता येत नाही हीच तर माझी मोठी अडचण आहे. खुर्चीत टेकलो की माझा उजवा पाय गुडघ्यापासून हलायला लागतो. वर्गात हलायचा, मुलं मागून नक्कल करायची. हे लिहितानासुद्धा टेबल हलतंय, आणि आतून ज्योतीनं दोनदा “अहो” म्हणून झालंय.

आक्काच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी भन्तेजींचं सुत्तपठण झालं, खीर वाटून झाली आणि लोक एकेक करून बोलायला लागले. जो उठेल तो सांगे, आक्का ध्यानातच गेल्या. साधना फळाला आली. असं मरण यायला नशीब लागतं. मी प्रत्येकाला मध्येच थांबवून म्हणत होतो, “ध्यानात नाही हो गेली. पाणी भरताना गेली.” ज्योतीनं माझी बाही ओढली. “जाऊ द्या ना, त्यांना तसं म्हणून बरं वाटून राहिलंय.” पण मला बरं वाटत नव्हतं. माझी बहीण दोन खोल्यांत राहणारी, पिंप भरणारी, गुडघे दुखले की कण्हणारी बाई होती. चार दिवसांत लोकांनी तिची तसबीर केली, आणि तसबिरीतल्या बाईला मी ओळखत नव्हतो. शिवाय आक्का स्वतः तिथं असती तर तिनंच सगळ्यांना गप्प केलं असतं, याची मला खात्री होती.

ध्यानाचं खूळ तिला रिटायर झाल्यावर लागलं. खूळ हा माझा शब्द, आणि तो मी तिच्या तोंडावर कितीतरी वेळा वापरला आहे. विहारातल्या बायकांबरोबर ती एका मौन शिबिराला गेली. शिबिर संपेपर्यंत अवाक्षर बोलायचं नाही, डोळे मिटून श्वास बघायचा. परत आली ती थेट माझ्याकडं नांदेडला, आणि दारातून आत पाय टाकल्यापासून जेवण होऊन पानं उचलेपर्यंत एकसारखी बोलत होती! मौनात काय काय झालं हे सांगताना तिनं कुणाला मधे एक शब्द बोलू दिला नाही. मी म्हणालो, “आक्का, साठवून आणलंस का सगळं?” तीही हसली. पण हसता हसता थांबून म्हणाली, “मिलिंद, लई बडबड असते रे आत. मी वॉर्डात इतकी वर्षं काढली, पण इतका गलका कधी ऐकला न्हाई.” तेव्हा मला ते बोलणं नुसतं गमतीचं वाटलं होतं.

मग दर रविवारी सकाळी तिच्या बाहेरच्या खोलीत बैठक सुरू झाली. विहारातल्या दोन-तीन बायका, समोरच्या महानंदाताई, पलीकडचे खुर्शीद मामू. महानंदाताई लिंगायत, गळ्यात इष्टलिंग, खुर्शीद मामू टेलर, पण रविवारी सगळे एका रांगेत डोळे मिटून बसायचे. मामू म्हणायचे, “दुकानात मशीन, घरात नातवंडं. इथंच काय तो सुकून मिळतो.” बसायला आमच्या आईची सतरंजी. देगलूरच्या बाजारातून वडिलांनी आणलेली, निळ्या-तांबड्या पट्ट्यांची, चांगली जाडजूड. तिचा एक कोपरा स्टोव्हनं जळलेला होता, आणि आमच्या घरात जे काही महत्त्वाचं घडलं ते सगळं त्या सतरंजीवरच घडलं होतं. आक्काचं लग्न ठरलं ते तिच्यावर. वडिलांना शेवटचं निजवलं ते तिच्यावर. आणि मी लहान असताना तापानं फणफणून पडलो तेव्हाही मला त्याच सतरंजीवर ठेवलं होतं. मला त्यातलं फारसं आठवत नाही. आई सांगायची की ताप डोक्यात गेला होता, हाक मारली तरी मी ओ देत नव्हतो, डॉक्टरनंही घरी न्या म्हणून सांगितलेलं. आक्का शाळा बुडवून दिवसभर माझ्या पायथ्याशी बसलेली असायची. एका दुपारी तीच ओरडली, “आई, हालला! पाय हालला!” पुढं आई आल्यागेल्याला सांगायची, “तवापास्नं जे हालाय लागलंय ते आजपतूर थांबलंच न्हाई बघा.” मग सगळे हसायचे आणि माझा पाय आणखी जोरात हलायचा.

मी लातूरला गेलो की आक्का मला बैठकीत ओढायचीच. मी नाही म्हणायचो, ती ऐकायची नाही. जागाही ठरलेली होती, तिच्या डावीकडं, जळक्या कोपऱ्यापाशी. मी डोळे मिटायचो. श्वास बघ म्हणाली तर मला शाळेतली वेळापत्रकं दिसायची, गॅस बंद केला की नाही ते आठवायचं, कुणीतरी कधीतरी केलेला अपमान आठवायचा आणि त्याला तेव्हा द्यायला हवं होतं ते उत्तर आत्ता सुचायचं. थोड्या वेळात पाय सुरू व्हायचा. सतरंजी एकसंध, त्यामुळे माझ्या पायाचा हादरा रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत जायचा. आणि मग डोळे न उघडता आक्काचा हात यायचा. माझ्या गुडघ्यावर. ऊबदार, जड, नर्सचा हात. मला वाटायचं, थांब म्हणून सांगतेय. मी पाय आवरायचो, हात निघून जायचा, की पाय पुन्हा सुरू. एका बैठकीत असं कितीदा तरी व्हायचं, आणि शेवटी मीच चिडून डोळे उघडून खिडकीबाहेर बघत बसायचो.

त्यात भर म्हणून तिनं मधल्या काळात कुणाकडून तरी ते ऊर्जेचं प्रकरण शिकून घेतलं. दुखणाऱ्या जागेवर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे, ऊर्जा द्यायची. इथं मात्र माझं डोकं फिरलं. आपण धम्माची माणसं, तर्कानं चालणारी, मी आयुष्यभर मुलांना ऊर्जेची सूत्रं शिकवलेली, आणि माझ्याच बहिणीच्या दारात बायका हात ठेवून घ्यायला येतात! मी कडाक्याचं भांडलो. ती शांतपणे शेंगा सोलत होती. तेवढ्यात गल्लीतली एक बाई डोकं धरून आली. आक्कानं तिला पाटावर बसवलं, डोक्यावर दोन्ही हात ठेवले आणि डोळे मिटले. ती बाई हळूहळू आपणहून बोलायला लागली, सासूचं, मुलीचं, झोप येत नाही त्याचं. सगळं ओतून झाल्यावर आक्कानं कपाटातून बीपीचं यंत्र काढलं, दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला आणि म्हणाली, “आता अशीच डॉक्टरकडं जायचं. घरी जायचं न्हाई. चप्पल घाल, मी येते संगं.” ती खरंच तिला घेऊन गेली. परत आल्यावर मी म्हणालो, “मग ऊर्जा कशाला? सरळ बीपी बघायचं.” “आधी मशीन काढलं की माणूस भितं,” ती म्हणाली, “हात ठेवला की ऐकतं. तुझी ती सूत्रातली ऊर्जा असंल नसंल, मला काय ठाव. हात तर हाय ना?” यावर मी लगेच दुसरा विषय काढला.

पण माझं आणि तिचं खरं वाजलं ते वस्तूंवरून. आक्का वस्तू देऊन टाकायची. गरजूंना दान वगैरे असलं काही नव्हतं त्यात. तिचा नियमच होता, उठताबसता ज्या वस्तूकडं डोळा जातो, ती वस्तू घरात ठेवायची नाही. जीव अडकायला लागला की देऊन मोकळं व्हायचं. तिची ही साधना आणि माझी हौस यांचं काही जमेना. रिटायर झाली तेव्हा मी हौसेनं मिक्सर दिला. पुढच्या खेपेला गेलो तर ती पाट्यावर चटणी वाटतेय. मिक्सर गल्लीतल्या नव्यानं लग्न होऊन आलेल्या सुनेकडं. टेबलफॅन नेला, तो खुर्शीद मामूंच्या दुकानात गरागरा फिरताना दिसला. लोकरीची शाल नेली, ती भाजीवालीच्या अंगावर. मी त्या भाजीवालीकडून टोमॅटो घेत होतो आणि माझीच शाल मला टोमॅटो तोलून देत होती. एकदा मी रागानं म्हणालो, “मी दिलेलंच बरं सगळं देऊन टाकतेस? म्हणजे माझ्यावरच डोळा आहे की काय तुझा?” “हाय की,” आक्का म्हणाली. “पर तुला कोण घेतंय?” महानंदाताई तिथं बसल्या होत्या, त्या पदर तोंडाला लावून हसल्या. मीही शेवटी हसलो. पण परतीच्या बसमध्ये, अहमदपूर येईपर्यंत, मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होतो.

ती जायची त्या मौन शिबिरालाही तिनं मला पाठवून बघितलं. मी गेलो, काय असतं ते एकदा बघू म्हणून. तिथल्या सभागृहात जमीन लाकडी होती, माझ्या पायानं सगळं सभागृह थरथरायला लागलं. आचार्यांनी मला उठवून कोपऱ्यात बसवलं, मग बाहेर व्हरांड्यात, आणि शेवटी मी स्वतःच पिशवी उचलून फाटकाबाहेर पडलो ते थेट आक्काच्या दारात. ती काही रागावली नाही. भात लावला, पिठलं टाकलं. वाढताना म्हणाली, “पळून आलास ते बरं केलंस. तितं बसून तरी पळतच होतास.” एवढं एकच बोलली. मी मान खाली घालून जेवलो आणि मला वाटलं, ही बाई मला कधीच सुधारणार नाही आणि मीही हिला. मला त्यात समाधानच वाटत होतं हे आता कळतं.

शेवटच्या वर्षात ती थकली. बाहेरच्या खोलीत माणसं मावेनात, म्हणून बैठक महानंदाताईंच्या ओसरीत गेली आणि आक्कानं सतरंजीही त्यांना देऊन टाकली. मला फोनवर सहज सांगितलं. आईची सतरंजी! विचारायचं तरी होतं. पण तिच्या आवाजात इतका हलकेपणा होता की मी बरं म्हणून फोन ठेवला. त्यानंतर मी गेलो, ती आमची शेवटची भेट. संध्याकाळ होती, आम्ही अंगणातल्या पायरीवर बसलो होतो, ज्या पायरीवर ती नंतर गेली त्याच पायरीवर. ती रिकाम्या पिंपाकडं बघत म्हणाली, “मिलिंद, इतकी वर्षं बसले, सगळं सुटत गेलं रे. भांडीकुंडी सुटली, लोक काय म्हनतेत ते सुटलं, तुझ्या दाजींचं पण... पर एक गाठ काय सुटंना.” मी विचारलं, “कशाची?” “हाय एक.” “अगं पण कशाची?” ती काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात नळाच्या तोंडातून फुस्सकन हवा आली, गल्लीत एकच हाक उठली, “पाणी आलं, पाणी आलं!” आणि आक्का गुडघ्यावर हात ठेवून उठली. पिंप भरलं, बादल्या भरल्या, घागरी भरल्या, आणि माझी बस निघायची वेळ झाली.

ती गाठ कशाची होती... दाजींची नव्हती, तिनंच सांगितलेलं. मग मूल झालं नाही त्याची? नोकरीतली एखादी गोष्ट? कुणाला वाचवता आलं नाही, असं काही? ती गेल्यापासून हा एकच प्रश्न माझ्या डोक्यात भुंगा होऊन बसला. जिनं मला साठेक वर्षं ओळखलं तिला मी किती ओळखत होतो, हा त्यातला खरा प्रश्न. घरमालकाला खोल्या रिकाम्या करून हव्या होत्या म्हणून मी टेम्पो ठरवून गेलो. मनात होतं की तिच्या सामानातून हात फिरवताना काहीतरी कळेल, निदान काहीतरी हाताशी राहील. कुलूप उघडलं तर आत नेण्यासारखं काही नव्हतंच. बुद्धाची मूर्ती तिनं आधीच विहारात दिलेली. एक गादी, दोन पातेली, शेगडी, पिंप, पाइप आणि बीपीचं यंत्र, त्यावर चिकटवलेली चिठ्ठी, खुर्शीद मामूंसाठी. टेम्पोवाला आत डोकावून म्हणाला, “साहेब, सामान कुटं हाय?” मी त्याला भाडं देऊन रिकामाच परत पाठवला.

नांदेडला आल्यावर माझं काही ठिकाणावर राहीना. सकाळी फिरायला निघायचो आणि अर्ध्या वाटेतून परतायचो. पेपर उघडायचो, तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचायचो. डोळे मिटून बसून बघितलं, तिच्यासाठी म्हणून, तर श्वास बाजूलाच, मला फक्त पाण्याचा आवाज ऐकू यायचा. लोक येऊन आसक्ती सोडण्याबद्दल समजावून सांगत. जन्माला आलं ते जाणार, धरून ठेवू नका. मला ते पाठ होतं, मी तेच आक्काकडून फुकट ऐकलेलं होतं. पण धरायलाच काही नाही त्यानं सोडायचं काय? मला तिची एक वस्तू हवी होती. एक. तिच्या घरात तर काही उरलेलं नव्हतं, आणि गल्लीत मात्र दारोदार तिच्या वस्तू नांदत होत्या. तेव्हा मी सरळ लातूरची बस पकडली, महानंदाताईंच्या ओसरीत जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, “ताई, वाईट वाटून घेऊ नका. आईची सतरंजी मला परत पाहिजे.” दिलेली वस्तू असं तोंड वर करून परत मागणारा माणूस त्या गल्लीत मी पहिलाच असेन. त्या आत गेल्या, सतरंजी झटकली, गुंडाळली, सुतळीनं बांधली आणि वर चहाही पाजला.

घरी येऊन मी ती दिवाणखान्यात अंथरली. जळका कोपरा भिंतीकडं केला, तिच्या डावीकडच्या माझ्या जागेवर बसलो आणि वाट बघितली. कशाची, ते मलाही सांगता येणार नाही. सतरंजीला धुपाचा आणि खुर्शीद मामूंच्या अत्तराचा वास येत होता, आक्काचा काही येत नव्हता. पाय हलायला लागला. उजवीकडं मोकळी सतरंजी पडलेली. मी रोज बसायचो आणि रोज जास्तच चिडून उठायचो. शेवटी एका सकाळी ज्योती चहा घेऊन आली, दारातच थांबली आणि म्हणाली, “एक विचारू? ते लोक आता कशावर बसून राहिलेत?” इतके दिवस हे माझ्या मनातच आलं नव्हतं. मी चहाही न संपवता सतरंजी गुंडाळायला घेतली.

दुसऱ्या दिवशी रविवारच होता. पहिल्या बसनं निघालो. कंडक्टरनं खांद्यावरचं गाठोडं बघून विचारलं, “काका, जाजम कुटं नेऊन राहिले? लगन हाय का?” “परत करायला चाललोय,” मी म्हणालो. पोचलो तेव्हा बैठक सुरू व्हायची होती. ओसरीत प्लॅस्टिकच्या दोन चटया, कडा वर आलेल्या, आणि त्यावर सगळे दाटीवाटीनं. खुर्शीद मामूंनी उठून सतरंजीचं दुसरं टोक धरलं, आम्ही दोघांनी ती अंथरली. सगळे आपापल्या जागी बसले. आक्काची जागा त्यांनी रिकामी सोडली आणि तिच्या डावीकडं जळक्या कोपऱ्यापाशी मला बसायला सांगितलं. मी म्हणालो, मी मागं बसतो, माझा पाय हलतो. महानंदाताई म्हणाल्या, “बसा हो भाऊ.” म्हणून बसलो.

अर्थातच पाय हलला. मी आवरला, पुन्हा हलला. मी मांडी बदलली, दात आवळले, श्वास बघितला, सुत्तातल्या ओळी मनात म्हटल्या. काही उपयोग नाही. सगळी सतरंजी हलतेय, एवढी माणसं माझ्यामुळं हैराण होताहेत, आणि तो हात काही येत नाही. तो आता येणार नाही, हे मला तिथं, त्या क्षणी, पहिल्यांदा नीट कळलं. चितेपाशी कळलं नव्हतं, रिकाम्या खोलीत कळलं नव्हतं. मला हुंदका आवरेना. मी तसाच डोळे मिटून रडत बसलो, पाय हलतच होता.

बैठक संपल्यावर लोक उठले. मी महानंदाताईंना म्हणालो, “माझ्या पायानं तुमच्या ध्यानाचं वाटोळं केलं. माफ करा.” त्या सतरंजीच्या सुरकुत्या हातानं सारख्या करत होत्या. “त्यात काय माफ करायचं,” त्या म्हणाल्या. “आमाला सवय हाय की. आक्का तर म्हनायच्या, महानंदा, सगळं देऊन बघितलं गं, पर ह्या पोराच्या पायाचं हालणं काय सुटंना. तितं मन जातंच.” मी म्हणालो, “पण ती तर हात ठेवून थांबवायची...” “थांबवायला?” त्यांनी मान हलवली. “न्हाई हो. एकदा मी बी तसंच म्हनले, आक्का, भाऊला सारकं कशाला टोकता. तर म्हनल्या, टोकत न्हाई गं. ल्हानपणी एकदा थांबलं होतं ते. हालून राहिलंय का, तेवडं बघते.”

महानंदाताई चहा टाकायला आत गेल्या. ओसरीत मी एकटाच होतो. सतरंजी तिथंच राहणार होती, ते आता विचारायचीही गरज नव्हती. गल्लीत कुठंतरी मिक्सर चालू होता, बहुतेक माझाच. मी पुन्हा जळक्या कोपऱ्यापाशी बसलो, डोळे मिटले आणि स्वतःचा हात गुडघ्यावर ठेवला. दाबला नाही. नुसता ठेवला, बघायला.

हलत होता.